राजनंदिनी उभी राहिली नाही

पांढरा ड्रेस बीडच्या सुभाष रोडवरच्या शिंप्याकडून बुधवारी संध्याकाळी आला. सत्यशीलानं तो पिशवीतून काढून लेकीच्या अंगाला लावून पाहिला. बाह्या जरा लांब झाल्या होत्या. पण बिशपसाहेबांसमोर जायचं तर लांबच बऱ्या, असं म्हणून तिनंच शिंप्याची बाजू घेतली. अमरसिंह खुर्चीत चहा पीत बसला होता. पांढरा ड्रेस अंगाला लावलेली लेक बघून त्यानं कप खाली ठेवला. कालपरवापर्यंत ही पोर नाताळच्या नाटकात कानाला कापूस चिकटवून मेंढरू व्हायची. आता बारावीचे पेपर देऊन बसली होती, आणि येत्या रविवारी तिचं दृढीकरण होतं.

"पप्पा," राजनंदिनी म्हणाली, "मी रविवारी उभी राहणार नाही."

अमरसिंहाला वाटलं, पोरीला बरं नाही. "कावून? ताप आलाय का?"

"बरी आहे मी." तिनं ड्रेसची नीट घडी घातली आणि पलंगावर ठेवली. "तिथं सगळ्यांसमोर विचारतात, तुझा विश्वास आहे का म्हणून. आहे, असं म्हणावं लागतं. माझा आहे का नाही, हे मलाच माहीत नाही. मग खोटं कसं बोलू?"

"अगं, ते काय खरंखुरं विचारतात का?" सत्यशीला म्हणाली. "पद्धत असते ती."

"तेच तर, मम्मी."

सत्यशीलाच्या चेहऱ्यावर एकेक पाहुणा येऊन गेला. अंबाजोगाईचा भाऊ युवराज सहकुटुंब येणार होता, केजची नणंद येणार होती. मटणवाल्याला सांगून झालं होतं. लहानपणी आईबापांनी पदरात घेऊन बाप्तिस्मा दिलेला असतो. पोर कळती झाली की मंडळीसमोर उभी राहून तो विश्वास स्वतःचा म्हणून सांगते, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि तिथून पुढे ती प्रभुभोजनाला बसते. त्यांच्या घरात हे चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आणि अमरसिंह साळवे म्हणजे तर मंडळीचा सेक्रेटरी. त्याच्याच घरात हे व्हावं!

अमरसिंहाला मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, हे दुसरं घरच होतं. कोणतं गीत कोणत्या चालीवर म्हणायचं, नाताळच्या फेरीत कुणाच्या घरी चहा आणि कुणाच्या घरी चिवडा, पावसाळ्यात संडे स्कूलची सहल कपिलधारला न्यायची तर कुणाची जीप सांगायची, हे सगळं त्याला विचारावं. कचेरीत लोक त्याला 'नाताळवाले साळवे' म्हणत, आणि त्याला ते आवडे. पंचवीस डिसेंबरला त्याच्या टेबलावर करंज्यांचा डबा उघडला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे येऊन जात. आपण ख्रिस्ती आहोत म्हणजे काय, असा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. आपल्या आडनावाचा अर्थ कोण शोधत बसतं?

त्याच्या आठवणीतला धर्म तर अजूनच गोड होता. युसूफ वडगावच्या बाजाराला जिथून लोक बैलगाड्या जुंपून यायचे, तसल्या एका लहान गावात त्याचं बालपण गेलं. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं देऊळ होतं. लिंबाच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. त्याचे वडील गहिनीनाथ तिथले उपदेशक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं आणि घरात ते दादा. त्या भागातल्या ख्रिस्ती माणसांची नावं अशीच असायची. गहिनीनाथ, राधाकिशन, उत्तरेश्वर. नाव गावाचं आणि प्रार्थना येशूची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला निघून जायची. नाताळला मागे उरायचे म्हातारे आणि शाळेतली पोरं. मग दादा एक करायचे. बांबूच्या कामट्यांचा तारा बांधून, त्याला पतंगाचा लाल-पिवळा कागद लावून, तो पोत्यात गुंडाळायचे आणि एसटीनं थेट साखर कारखान्याच्या पट्ट्यात जायचे. एका साली अमरसिंहालाही त्यांनी बरोबर नेलं होतं. उसाच्या फडालगत पाचटाच्या कोप्या, बाहेर सोडलेल्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. दादांनी तारा एका कोपीच्या तोंडाशी बांधला, आत कंदील ठेवला. दिवसभर मोळ्या वाहून वाकलेली माणसं अंगावर घोंगड्या घेऊन आली. दादांनी तुणतुणं छेडलं आणि साऱ्यांनी सूर धरला. त्यांच्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे अमरसिंहाला तेव्हाही कळलं नाही. उसाच्या रसाचा, धुराचा आणि बैलांचा तो वास मात्र आजही नाताळच्या आसपास त्याच्या नाकात कुठून तरी येई आणि तो कामात असला तरी हात थांबवून उभा राही.

असं सगळं असताना पोर म्हणते, माझा विश्वास आहे का नाही माहीत नाही.

गुरुवारी तो तिला स्कूटरवर बसवून पाळकसाहेबांकडे घेऊन गेला. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी राजनंदिनीचं सगळं ऐकून घेतलं, मध्येच पंखा वाढवला, बाईंना सरबत आणायला सांगितलं. मग म्हणाले, "हे बघ बाळ, असं सगळ्यांनाच वाटतं. तू उभी तर राहा. विश्वास मागून येतो. आम्ही सगळे असेच उभे राहिलो."

अमरसिंहाच्या जिवात जीव आला. "ऐकलंस ना?"

राजनंदिनीनं सरबताचा पेला खाली ठेवला. "आणि मागून नाही आला तर?"

पाळकसाहेब हसले. "येतो गं. न येऊन जातो कुठं?"

परत येताना बार्शी नाक्यावर सिग्नलला स्कूटर थांबली. मागून रिक्षावाले भोंगे वाजवत होते. त्या गोंगाटात लेकीनं त्याच्या कानाशी तोंड आणून विचारलं, "तुमचा आला का, पप्पा?"

"काय?"

"विश्वास. मागून येतो म्हणाले ना. तुमचा आला का?"

अमरसिंहाला इतका राग आला की घरी पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. जेवतानाही बोलला नाही. राग कशाचा आहे, हे मात्र त्याला धड सांगता आलं नसतं. पोरगी उद्धट बोलली म्हणावं, तर तिचा आवाज उद्धट नव्हता. एखादं गणित अडलं की ती पूर्वी त्याच्याजवळ वही घेऊन यायची, तसा होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याचं चित्त लागेना. त्याला स्वतःचं दृढीकरण आठवत होतं. तेव्हा तो मिशनच्या बोर्डिंगात होता. बोर्डिंगातल्या सगळ्या मोठ्या पोरांना एका रांगेत उभं केलं होतं. नवा टेरिकॉटचा शर्ट होता, कडक, काखेत टोचणारा. बिशपसाहेबांनी विचारलं, साऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, डोक्यावर हात पडला आणि पुढच्या पोराकडे सरकला. तो सोहळा बघायला दादा गावाहून सायकल हाणत आले होते, टोपलीत गुळाच्या दशम्या घेऊन. उपासना झाल्यावर दोघं झाडाखाली बसले. दादांनी विचारलं, "मंग? काय वाटलं रं आतून?" आणि हा म्हणाला होता, "शर्ट लई टोचत होता, दादा." दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. ही गोष्ट अमरसिंह लग्नाकार्यात रंगवून सांगायचा आणि लोकही पोट धरून हसायचे. आज कचेरीत फायलीवर हात ठेवून बसलेल्या अमरसिंहाला हसणं आठवलं आणि हसण्यानंतरचंही आठवलं. हसून झाल्यावर दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. बिशपसाहेबांपेक्षा किती तरी जास्त वेळ तो हात तिथंच होता, आणि दादांचे ओठ हलत होते.

संध्याकाळी घरी आला तर त्याची माय छबुबाई ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. ऐंशी पार केलेली म्हातारी. डोळ्याला कमी दिसायचं, पण खडा हाताला बरोबर लागायचा. घरात काय चाललंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

"पोरीवर कावून फुगलास?" तिनं विचारलं.

"फुगू नको तर काय करू, माय? सगळ्या मंडळीत नाक कापायला निघाली. आपल्या घरात असं कधी झालंय? आपली सगळी वस्ती एका दिवशी नदीत उतरली. एकजात सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. दादांनी घेतला—"

"तुज्या दादानं कुठं घेतला?"

अमरसिंह थांबला. मंडळीच्या वर्धापनदिनाला दर वर्षी तोच भाषण करायचा आणि भाषणाची सुरुवातच तिथून व्हायची: मांजरा नदीचं पाणी, साऱ्या वस्तीचा एक निर्धार, आणि त्यात माझे पूज्य वडील.

"घेतला न्हाई?"

"त्या दिशी न्हाई घेतला." छबुबाईनं सूप खाली ठेवलं. "म्या व्हते की तितं. परकरी पोर व्हते. समदे पान्यात उतरलेले, माजी माय, माजा बाप, तुजा आजा. पाद्रीसायब कमरेइतक्या पान्यात. आन् ह्यो एकलाच शेरडं घिऊन वर दरडीवर बसला. तुज्या आज्यानं खालून हाका मारल्या, शिव्या दिल्या. ह्यो म्हनला, समदे चाललेत म्हनून म्या येत न्हाई. मला त्यो अजून वळखीचा न्हाई."

"मग?"

"मंग काय? घरी गेल्यावर आज्यानं चाबकानं फोडून काडला. तरी न्हाई. वस्तीतले लोक त्येला बोलनात. आमचं लगीन झालं तवा बी ह्यो तसाच व्हता. माजा बाप लई नाराज व्हता. पर पोरगा इमानदार हाय म्हनून दिली मला." म्हातारी थोडी हसली, तोंडावरून पदर ओढून घेतला. इतक्या वर्षांनी तिला लाज वाटली होती. "देवळात यायचा, भायेर पायरीवर बसायचा. गानं म्हनायचा न्हाई. नुस्तं ऐकायचा."

"मग घेतला कधी?"

"फडातून आल्यावर. त्या साली आमी दोगं उसाला गेलतो. लई थंडी पडलेली. मला ताप भरला, पोट व्हतं, ते बी गेलं. पयलं लेकरू." ती ज्वारीकडे बघत राहिली. या लेकराचं अमरसिंहानं कधी ऐकलं नव्हतं. "म्या कोपीत पडलेली. ह्यो दिसभर ऊस तोडायचा, सांच्याला भायेर जाऊन बसायचा. एकटाच बोलायचा, कंदी मोठ्यानं, कंदी भांडल्यावानी. मला वाटलं, मानूस येडा झाला. पट्टा पडला, तोडनी सरली, गावाकडं आलो, तसा म्हनला, चल पाळकाकडं. म्या इचारलं, कावून आत्ता? तर म्हनला, बोलनं झालं आमचं. बस. त्याच्या म्होरं मला बी कंदी सांगितलं न्हाई, आन् म्या बी इचारलं न्हाई. समदंच का इचारायचं असतं?"

सत्यशीला दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पिठाचा डबा होता आणि ती तो तसाच धरून होती.

"पाद्रीसायब म्हनले, नाव बदल, आता गब्रिएल म्हनू तुला. ह्यो म्हनला, सायब, माज्याशी बोलला त्यो गहिनीनाथ म्हनून बोलला. नाव बदललं तर मी त्येला सापडायचो कसा?" छबुबाईनं पुन्हा सूप उचललं. "एकटाच उतरला पान्यात. काठावर म्या आन् दोन शेरडं. दुसरं कुनी बी न्हाई."

"माय, तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कंदी इचारलंस? तू आपला दर साली भाषन करायचा. मला वाटायचं, बरं बोलतंय लेकरू, बोलू द्यावं."

अमरसिंह बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. मार्चचं ऊन कलत होतं तरी भिंतीतून धग येत होती. त्याला कोपीच्या तोंडाशी बांधलेला तो तारा आठवला, आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं की दादा दर नाताळला फडात कशाला जायचे. तो इतकी वर्षं समजत होता की ते लोकांसाठी जायचे. लोकांसाठी तर जायचेच. पण आपल्या माणसाची जिथं पहिली भेट झाली, त्या जागी वर्षातून एकदा जावंसं वाटणारच की. तिथंच त्यांचं लेकरूही कुठंतरी बांधाला पुरलेलं असणार. आणि त्या साली बरोबर गेलेला तो स्वतः तिथं उसाचा रस पीत बसला होता, दोन पेले, मजेत.

शनिवारी पाहुणे आले. घर माणसांनी भरलं. तरुण संघाची पोरं शिंदीच्या झावळ्या घेऊन आली, त्यांच्या देठांवर पाणी मारून त्या देवळाच्या सावलीत ठेवल्या. अमरसिंहानं खुर्च्या मांडून घेतल्या, हार्मोनियम तपासला, सगळी कामं केली. लेकीशी मात्र त्याचं बोलणं झालं नाही. आयुष्यभर मंडळीत बोलत आलेला माणूस, आणि घरात शब्द सापडेना.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी सत्यशीलानं पांढरा ड्रेस इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. राजनंदिनी आंघोळ करून आली ती नेहमीच्या पिवळ्या ड्रेसमध्ये. युवराजमामानं पेपर खाली केला. पोरीचे डोळे रडून सुजले होते, पण मान वर होती.

"नंदिनी," सत्यशीला म्हणाली, आणि अमरसिंहाकडे पाहिलं.

"पिवळाच राहू दे," अमरसिंह म्हणाला. "चला, उशीर होतोय."

देऊळ गच्च भरलं होतं. सगळ्यांनी झावळ्या हलवत आवाराला फेरी घातली. लहान पोरं एकमेकांच्या मानेत झावळीची टोकं खुपसत होती. त्यांना दटावायचं काम एरवी अमरसिंहाचं, आज तो विसरला. गीतं झाली, वाचन झालं. मग उमेदवारांची ओळख करून द्यायला सेक्रेटरी पुढे आला. पांढऱ्या कपड्यातली पोरं-पोरी पहिल्या बाकावर होती. त्यानं एकेकाचं नाव घेतलं, एकेक उभा राहिला. नावं संपली. तो खाली बसायला वळला, तोच पंचांपैकी राधाकिशनकाकांनी मागून त्याच्या सदऱ्याला धरलं.

"अमर, तुजीच राहिली की," ते कुजबुजले. पण त्यांना ऐकू कमी येत असल्यानं ते कुजबुजणं साऱ्या देवळानं ऐकलं.

बिशपसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. अमरसिंहाला माईक हातात जड वाटला. त्यानं तो खाली ठेवला आणि तसाच बोलला.

"माझी मुलगी राजनंदिनी आज उभी राहणार नाही. ती म्हणते, जे अजून माझं नाही ते माझं म्हणून सांगणार नाही. मी तिला तसं सांगायला लावणार नाही."

बाकांवरून कुजबुज सरकत गेली. सत्यशीलानं मान खाली घातली. बिशपसाहेबांनी विचारलं, "आली आहे का ती?"

"आली आहे. मागं बसलीय, आजीजवळ."

"मग बसू द्या तिला. बसणाऱ्यांचंही हे घर आहे." एवढंच बोलून त्यांनी समोरच्या पोरांकडे वळून उपासना पुढे सुरू केली.

मग ते प्रश्न आले. तुम्ही स्वतःच्या मनानं प्रभूवर विश्वास ठेवता काय? पद्धत अशी की पोरांबरोबर सारी मंडळीही उत्तर देते, आणि साऱ्यांत मोठा आवाज अमरसिंहाचा असतो. आजही त्यानं सवयीनं छाती भरून घेतली. आणि तोंड उघडलंच नाही. त्याच्या आजूबाजूला उत्तर गडगडत गेलं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं, आणि तो त्यात कोरडा उभा राहिला. प्रश्न कुणीतरी त्यालाच विचारला होता. इतक्या वर्षांत त्याला तो आज पहिल्यांदा ऐकू आला होता, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. त्याला भीती वाटली. पण भीतीच्या तळाशी काहीतरी हलकंही वाटलं, खांद्यावरचं ओझं टेकल्यासारखं.

दुपारी मटण छान झालं होतं. दृढीकरण कुणाचं झालं नि कुणाचं नाही, हे मटणाला कुठं ठाऊक! युवराजमामा दोन वाट्या रस्सा पिऊन म्हणाला, "भाऊजी, नाव काढलंत तुम्ही. सेक्रेटरीची पोर बसून, नि बाकीची उभी." कुणीच हसलं नाही. छबुबाई कोपऱ्यातून म्हणाली, "युवराज, भाकर घे, बाबा. बसून खा. बसल्यानं खाल्लेलं पचतं." तेव्हा मात्र सारे हसले, राजनंदिनीसुद्धा, आणि सत्यशीलाही पदरानं तोंड झाकून हसली.

पाहुणे पांगल्यावर राजनंदिनी भांडी घासत होती. अमरसिंह विसळायला बसला. हे काम तो कधी करत नसे.

"त्या दिवशी सिग्नलवर तू विचारलं होतंस," तो म्हणाला.

"सोडा ना पप्पा ते."

"नाही आला. म्हणजे, मला वाटतं, मी कधी वाटच पाहिली नाही. मला सगळं आयतं मिळालं होतं ना. गाणी, तारा, करंज्या. त्यात मी इतका खूश होतो, की हे सगळं ज्याचं आहे त्याची चौकशीच केली नाही."

राजनंदिनीनं साबणाचा हात पुसला. "मला ती गाणी आवडतात, पप्पा. मी सोडून जात नाहीये. मला फक्त खरं पाहिजे."

"हां," अमरसिंह म्हणाला. बराच वेळ दोघं ताटं घासत, विसळत राहिले.

मंडळीत चार महिने कुजबुज चालली. कुणी म्हणालं, कोचिंग क्लासनं पोरी बिघडतात. कुणी म्हणालं, बापाचाच धाक नाही. अमरसिंहानं सेक्रेटरीचं काम सोडलं नाही. पण वर्धापनदिनाला त्यानं नदीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती दरडीवर बसलेल्या पोरासकट सांगितली. देवळात इतकी शांतता त्याच्या भाषणाला कधी झाली नव्हती. सकाळी कामावर जायच्या आधी तो गच्चीवर जाऊन बसू लागला. काय म्हणायचं, ते त्याला येत नसे. पाठ असलेलं तोंडाशी यायचं, तो ते गिळायचा आणि गप्प बसायचा. बहुतेक दिवस नुसता बसून खाली यायचा. सत्यशीला विचारायची, "काय करता वर?" तो म्हणायचा, "ओळख काढतोय."

राजनंदिनी नर्सिंगला अंबाजोगाईला गेली. सुट्टीत आली की देवळात यायची, मागच्या बाकावर बसायची. दृढीकरणाचं नाव तिनं काढलं नाही आणि बापानंही काढलं नाही. तिच्या खोलीवर दादांचं जुनं बायबल होतं. तिनं ते आजीकडून मागून नेलं होतं. वाचते का, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस अमरसिंह कचेरीच्या कामासाठी केजला निघाला होता. बीडच्या बसस्थानकावर गर्दी होती, ऊसतोडीला निघालेल्या माणसांची गाठोडी, पोरं, पातेली यांनी फलाट भरला होता. केजची गाडी लागली, तेवढ्यात फोन वाजला. राजनंदिनी होती, आणि ती रडत होती.

"पप्पा, आमच्या वॉर्डातली साखराबाई गेली. आत्ता. माझ्यासमोर."

या साखराबाईचं तो महिनाभर ऐकत होता. धारूरकडची म्हातारी, लेक-सून उसाला गेलेले, जवळ कुणी नाही. राजनंदिनी हात पुसायला गेली की म्हातारी रोज तिलाच विचारायची, जेवलीस का गं?

"शेवटी माझा हात धरला होता तिनं. मला काहीच करता आलं नाही. पप्पा, तुम्ही प्रार्थना करा ना. आत्ता. फोनवर."

अमरसिंह खांबाशी सरकला. एका कानात बोट घातलं. त्याला अंत्यविधीची सगळी उपासना पाठ होती; शेकडो मयतींना त्यानं ती वाचली होती. पहिली ओळ आपोआप जिभेवर आली. तो थांबला. वरून कर्णा ओरडत होता, परळीची गाडी, धारूरची गाडी. कंडक्टर घंटी मारत होता.

"देवा," तो म्हणाला, "मी अमरसिंह बोलतोय."

पुढचं काही येईना. शेजारच्या गाठोड्यावर बसलेली बाई त्याच्याकडे बघायला लागली. मग शब्द आले, देवळातले नव्हेत, मायच्या ओसरीतले.

"माझी पोरगी लई रडायलीय. साखराबाईला मी पाहिलं न्हाई. तुला ठाऊक हाय ती. तिची लेकरं फडात हायत, त्यांना अजून कळलं बी नसंल. त्यांना सांगताना तू जवळ राहा. आन् माझ्या पोरीचा हात रिकामा झालाय, तो धर. मला दुसरं मागता येत न्हाई. मी नवा हाय ह्यात."

तो थांबला. त्याचे गाल ओले झाले होते आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. गाठोड्यावरची बाई कुणाला तरी म्हणाली, "कुनी तरी गेलं बिचाऱ्याचं." तिनं आपल्या पोराला जरा जवळ ओढून घेतलं.

फोनमधून नाक पुसल्याचा आवाज आला.

"पप्पा," शेवटी राजनंदिनी म्हणाली, "बस सुटेल तुमची."

"सुटू दे," अमरसिंह म्हणाला. "तू बोल. मी ऐकतोय."